बिनभाड्याचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरून कोणी तरी विदुषी बोलावतो. यंदा आपल्यातल्याच एकीने बोलावे असे ठरले आणि चिटणीसबाईंनी माझे नाव पुढे केले. मी हो म्हणून बसले खरी, पण त्या रात्री झोप आली नाही. मी सातवी शिकलेली. पुढे शिकायचे राहून गेले. भाजणी किंवा उन्हाळी वाळवणे यांवर बोल म्हटले असते तर मी तासभर बोलले असते. तरीही मी आज निराळाच विषय घेतला आहे. रोगाचे जंतू आपल्या शरीराच्या पेशींत शिरून तेथे राहतात कसे आणि खातात काय, हे मी तुम्हांला सांगणार आहे. चुकले तर सांभाळून घ्या. माझी थोरली मुलगी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिने तिच्या पुस्तकांतून मला हे महिनाभर समजावून दिले आणि काल रात्री माझी उजळणीही घेतली.

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगते. आमच्या घरात आम्ही दोघी जावा. धाकटीला २०२२ च्या पावसाळ्यात क्षय झाला. तुमच्यापैकी पुष्कळ जणींना तो ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नव्हता असे आम्हांला वाटत होते त्यांनाही ठाऊक होता, हे मागाहून कळले. तिच्या आजारात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती चूक आज मी तिला विचारून, तिची परवानगी घेऊन सांगणार आहे. पण ती कळायला आधी जंतूची रीत कळायला हवी, म्हणून पहिल्यापासून सुरुवात करते.

आपले शरीर म्हणजे एक अफाट चाळ आहे असे समजा. तिच्यातली एकेक खोली म्हणजे एकेक पेशी. माणसाच्या अंगात अशा सुमारे ३० लाख कोटी खोल्या असतात म्हणे. प्रत्येक खोलीला पातळ पडद्याची भिंत. आत तिचे स्वतःचे स्वयंपाकघर, कोठार, कचरा काढायची सोय, सगळे काही. पुष्कळसे जंतू या खोल्यांच्या बाहेर, बोळात आणि जिन्यात राहून त्रास देतात. पण काही जंतू असे आहेत की ते थेट खोलीत शिरतात आणि बिऱ्हाड थाटतात. भाडे नाही, पागडी नाही, घरमालकाच्याच कोठारातले खायचे. क्षयाचा जंतू त्यांतला पक्का मुरलेला.

हा जंतू जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या सभेत जाहीर केला. म्हणून २४ मार्च हा जगभर क्षयरोग दिन पाळतात. जंतू एखाद्या बारीक काडीसारखा असतो. लांबी इतकी कमी की अशा ३०० काड्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. मुलीच्या महाविद्यालयात प्रदर्शन होते, तेथे मी सूक्ष्मदर्शकातून तो पाहिला. निळ्या रंगावर लाल काड्या विखुरलेल्या. एकदा लाल रंग चढला की आम्लाने धुतले तरी सुटत नाही, कारण त्याच्या अंगावर मेणचट स्निग्ध पदार्थाचे जाड वेष्टण असते. त्याने मेणकापडाचा सदराच घातला आहे म्हणा ना! हा सदरा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

क्षयाचा रोगी खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला की अतिबारीक तुषार हवेत उडतात. कोंदट खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. श्वासाबरोबर ते दुसऱ्याच्या फुप्फुसात अगदी खोल, हवेच्या चिमुकल्या पिशव्यांपर्यंत जातात. तेथे शरीराने पहारेकरी ठेवलेले आहेत. त्यांना महाभक्षक पेशी म्हणतात. नावाप्रमाणेच त्यांचे काम. धूळ असो, जंतू असो, दिसेल ते गिळायचे आणि पचवून टाकायचे.

गिळतात कसे, ते ऐकण्यासारखे आहे. आपण करंजीची पारी लाटतो, मध्ये सारण ठेवतो आणि पारी दुमडून कडा मिटवून टाकतो. पहारेकरी पेशी आपल्या पडद्याची पारी तशीच जंतूभोवती मिटवते, आणि ती करंजी आत ओढून घेते. आता जंतू पेशीच्या पोटात एका पिशवीत बंद झाला. त्यानंतर पेशीतल्या दुसऱ्या पिशव्या, ज्यांत झणझणीत पाचकरस भरलेला असतो, त्या येऊन या पिशवीला मिळतात. पिशवीतला रस आंबट होत जातो, अगदी टोमॅटोच्या साराइतका आंबट, आणि त्यात साधे जंतू विरघळून जातात. रोज, तुमच्या-माझ्या नकळत, असे कितीतरी जंतू पचून जातात.

क्षयाचा जंतू मात्र येथेच आपली हुशारी दाखवतो. पेशीतल्या प्रत्येक पिशवीवर जणू चिठ्ठी लावलेली असते. पिशवी नवी असली की ‘नुकतीच आली’ अशी चिठ्ठी. थोड्या वेळाने ती बदलून ‘पचवायला घ्या’ अशी चिठ्ठी लागते, आणि ती पाहूनच पाचकरसाच्या पिशव्या जवळ येतात. हा जंतू आपल्या सदऱ्यातल्या स्निग्ध पदार्थांनी आणि अंगातून सोडलेल्या काही प्रथिनांनी ती चिठ्ठी बदलूच देत नाही. पिशवी जुनी झाली तरी चिठ्ठी नव्याचीच! आंबटपणा आणणारी यंत्रेही तो पिशवीवर बसू देत नाही. मग आतला रस ताज्या दुधापेक्षा किंचितच आंबट राहतो. १९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि हार्ट या दोन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की, पेशीने गिळलेला जिवंत क्षयजंतू ज्या पिशवीत असतो तिच्याशी पाचकरसाच्या पिशव्या बहुधा मिळतच नाहीत, पण जंतू मेलेला असला तर मिळतात. म्हणजे ही करामत जिवंत जंतूची.

मांजराने उंदीर गिळावा आणि उंदराने मांजराच्या पोटातच संसार मांडावा, असा हा प्रकार आहे. बरे, बाहेरच्या शत्रूंना ही जागा दिसतही नाही. रक्तात फिरणारी रोगविरोधी द्रव्ये पेशीच्या भिंतीबाहेर राहतात. पहारेकऱ्याच्या खोलीत चोर लपला आहे, अशी शंका कोणाला यावी?

आता खाणे. मैत्रिणींनो, मला हाच भाग सगळ्यांत नवलाचा वाटला, कारण पाहुणा आला की त्याला काय चालते, काय चालत नाही, हे आपणच पाहतो. साध्या जंतूंना साखर आवडते. या पाहुण्याचा जीव मात्र पेशीच्या आत तूपतेलावर! १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी या जंतूची सगळी कुंडली, म्हणजे त्याची सुमारे ४००० जनुके, वाचून काढली. तेव्हा आढळले की स्निग्ध पदार्थ तयार करणे व मोडणे यासाठी त्याच्याकडे सुमारे २५० निरनिराळी विकरे आहेत. आपल्या आतड्यात राहणाऱ्या नेहमीच्या एका जंतूकडे अशी सुमारे ५० असतात. पुढे २००८ मध्ये अमित पांडे आणि ख्रिस्तोफर ससेटी यांनी दाखविले की हा जंतू पेशीच्या पडद्यातले कोलेस्टेरॉलसुद्धा ओढून घेतो आणि त्यावर दीर्घकाळ तग धरून राहतो. त्यासाठी त्याच्या अंगावर खास वाहून नेणारी यंत्रणाच आहे.

एवढ्यावर तो थांबत नाही. तो ज्या पेशीत राहतो, तिला चरबी साठवायला लावतो. पेशीत स्निग्ध थेंबांचा साठा होतो आणि सूक्ष्मदर्शकातून ती फेसाळलेली दिसते. मग जंतू त्या थेंबांतली चरबी घेऊन स्वतःच्या अंगात साठवतो. पुढे दुष्काळ पडला तर असावी म्हणून! आपण पावसाळ्यापूर्वी बेगमी करतो, तशी त्याची बेगमी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाही तर कोणी घरी जाऊन रोग्याचे तूप बंद करायची. हे कोलेस्टेरॉल आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत असतेच असते. आपण तूप सोडले म्हणून जंतू उपाशी मरत नाही. माणूस मात्र अशक्त होतो आणि जंतूचे फावते. तसेच, रोगी वाळतो तो जंतू त्याचे सगळे खाऊन टाकतो म्हणून नव्हे. जंतू तो एवढासा, तो खाऊन खाऊन किती खाणार? ताप आणि शरीराची अखंड चाललेली लढाई यांत ताकद जळते, त्यात भूक मरते, म्हणून अंग झिजते. ‘क्षय’ हे नाव त्यावरूनच पडले.

चरबीखेरीज त्याला लोह लागते. शरीर लोह उघड्यावर ठेवत नाही. घरात दागिने कुलुपात ठेवतो, तसे ते विशिष्ट प्रथिनांत बांधून ठेवते. पण जंतूने आपल्या पिशवीवर नव्याची चिठ्ठी ठेवली आहे ना, त्याचा येथेही फायदा होतो. पेशीत बाहेरून लोह घेऊन येणाऱ्या पिशव्या नव्या पिशव्यांनाच भेटतात, म्हणून लोह याच्या दारावरूनच जाते. आणि जंतू एक द्रव्य सोडतो, ते लोखंडाला लोहचुंबक चिकटावा तसे लोहाला पकडते आणि त्याच्याकडे ओढून आणते. एका चिठ्ठीने त्याने दोन कामे साधली!

असा खाऊनपिऊन तो वाढतो, पण सावकाश. आतड्यातला नेहमीचा जंतू अनुकूल जागी वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस लागतो. घाई त्याच्या स्वभावातच नाही. शेवटी ती पेशी मरते, जंतू बाहेर पडतात, त्यांना दुसरा पहारेकरी गिळतो, आणि तेथे नवे बिऱ्हाड होते.

शरीरही स्वस्थ बसत नाही. इतर पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्या जागेभोवती गोल कडे करतात. ही गाठ. तिच्या मध्यभागी मेलेल्या पेशींचा पदार्थ साचतो. तो फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा दिसतो. तेथे प्राणवायू कमी पोचतो, म्हणून जंतू सुस्त होतात आणि अंगातल्या बेगमीवर वर्षानुवर्षे पडून राहतात. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे असे मानतात. पण त्यांतल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच जन्मभरात कधी तरी रोग होतो. बाकीच्यांचे कडे मजबूत राहते. उपासमार, मधुमेह, एच.आय.व्ही., तंबाखू-विडी यांनी ते ढिले पडले की जंतू उठतात. गाठ फुटून श्वासनळीत उघडली की खोकल्याबरोबर जंतू बाहेर, आणि दुसऱ्या घराच्या शोधात.

असे घरात घुसणारे जंतू आणखी आहेत. त्यांचे थोडक्यात सांगते. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी पाहिला. तो क्षयजंतूचा भाऊबंदच, पण त्याहूनही आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. तो आपल्या मज्जातंतूंवर आवरण घालणाऱ्या पेशींत राहतो, म्हणून चामडी बधिर होते. दुसऱ्याच्या घरी राहून राहून त्याची स्वतःची बरीचशी जनुके निकामी झाली आहेत, आणि म्हणून प्रयोगशाळेतल्या बशीत तो अजून कोणाला वाढविता आलेला नाही. फुकटचे खाऊन हातपाय गेले, असे म्हणायचे. विषमज्वराचा जंतू पहारेकऱ्यांच्या पेशींत बसून अंगभर फिरतो आणि काहींच्या पित्ताशयात मुक्काम ठोकतो. मग माणूस धडधाकट दिसूनही दुसऱ्यांना रोग देतो. अमेरिकेत मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीणबाई होती. तिच्या हातचे जेवून पुष्कळ जणांना विषमज्वर झाला, आणि १९०७ मध्ये तिला पकडून वेगळे ठेवले. ती बिचारी स्वतः कधीच आजारी दिसली नाही. आणि लिस्टेरिया नावाचा जंतू तर पिशवी फाडून पेशीत मोकळा होतो, पेशीच्याच धाग्यांची शेपटी करून तिच्या जोरावर शेजारच्या पेशीत घुसतो. तो न तापविलेल्या दुधातून येऊ शकतो आणि गरोदर बाईच्या गर्भाला धोका करतो. म्हणून दूध उकळून घ्यावे हा आपला जुना नेम सोडू नका.

आता परत क्षयाकडे येते. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाला बावीस वर्षे पुरी झाली नव्हती. जंतू सापडून तेव्हा पाच वर्षे झाली होती, पण त्याला मारणारे औषध कोणाजवळही नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मातीतल्या जंतूपासून १९४३ मध्ये मिळाले. आयसोनायझिड १९५२ मध्ये आले. पुढे आणखी आली. पण एकटे औषध दिले की काही जंतू त्याला सरावतात आणि उरतात, हेही लवकरच कळले. म्हणून अनेक औषधे एकदम द्यायची पद्धत पडली. आज नेहमीच्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे असा सहा महिन्यांचा उपचार आहे.

सहा महिने कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. आणि येथेच माझी चूक आहे.

धाकटी जाऊ पहिल्या महिन्यात गोळ्यांनी हैराण झाली. मळमळ व्हायची, लघवी नारिंगी व्हायची. पण दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला, ताप गेला, तोंडावर तेज आले, वजन चार किलोंनी वाढले. दसऱ्याला तिने नवी साडी नेसली आणि मला वाटले, गंगेत घोडे न्हाले. ती म्हणाली, “ताई, अजून चार महिने या गोळ्या घ्यायच्या? तोंडाची चव गेली माझी.” मी म्हटले, “बरी झालीस ना? मग कशाला घेतेस? उगीच गरम पडतील.” मी थोरली. तिने माझे ऐकले. आरोग्यसेविका घरी विचारायला आल्या, तेव्हा मीच पुढे होऊन सांगितले, घेते आहे हो. माझ्या तोंडून निघालेले ते खोटे मला अजून टोचते.

२०२३ च्या होळीच्या सुमारास तिला परत खोकला सुरू झाला. थुंकीत रक्त आले. ते पाहून माझे हातपाय गळाले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला बसवून घेतले. रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, “घरात झुरळे झाली तर तुम्ही काय करता?” मी म्हटले, औषध मारते. “सगळी मरतात?” मी म्हटले, नाही हो, ओट्यावर फिरणारी मरतात, फटीतली उरतात. त्या म्हणाल्या, “तसेच हे आहे. पहिल्या दोन महिन्यांत वाढणारे, खाणारे-पिणारे जंतू बहुतेक मरतात. म्हणून रोग्याला बरे वाटते. पण पेशींच्या आत आणि गाठीत सुस्त पडलेले जंतू काम कमी करतात, म्हणून त्यांच्यावर औषधही सावकाश चालते. ते मारायला पुढचे चार महिने लागतात. तुमच्या जावेला बरे वाटले तेव्हा फटीतले जिवंत होते.”

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला कळले की बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टी आहेत. त्यापुढे आणखी एक भीती होती. अर्धवट औषधाने उरलेले जंतू त्याच औषधाला सरावले असते, तर उपचार पुष्कळ कठीण झाला असता. थुंकीची तपासणी यंत्रावर केली. तिचा निकाल येईपर्यंतचे दोन दिवस मी देवापुढचा दिवा विझू दिला नाही. सुदैवाने जंतू सरावलेला नव्हता. पुन्हा पहिल्यापासून उपचार सुरू झाला. या वेळी मी भिंतीवर दिनदर्शिका लावली, रोज तिच्यासमोर बसून गोळ्या दिल्या आणि फुली मारली. एकही दिवस चुकला नाही. घरातल्या आम्हां सर्वांची तपासणी झाली, आणि प्रतिबंधक गोळ्याही आम्ही घेतल्या. गणपती गेल्यावर डॉक्टरबाईंनी ती बरी झाली असे सांगितले. आज ती येथे बसली आहे. आत्ता तुम्ही जो चहा घेतलात तो तिने केला होता.

आता दोन गोष्टी आपल्यापुरत्या सांगते आणि संपवते.

पहिली खाण्याची. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉक्टर अनुराग भार्गव, डॉक्टर माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला. २८०० क्षयरोग्यांची कुटुंबे घेतली. सर्व रोग्यांना शिधा दिला. निम्म्या कुटुंबांत घरच्या माणसांनाही दरमहा तांदूळ व डाळ दिली, बाकीच्यांत दिली नाही. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नवीन क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. लस नाही, महागडे औषध नाही, साधा भात आणि डाळ! पोट भरलेले असले की पहारेकरी जंतूभोवतीचे कडे ढिले पडू देत नाहीत.

हे वाचले तेव्हा मला आपल्या स्वयंपाकघरांची आठवण झाली. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, मग सासूबाई, आणि मग पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते आपण. वरण संपले तर लोणच्याशी पोळी. धाकटी जाऊ आमच्या घरात सगळ्यांत शेवटी जेवत असे. तिच्याआधी मी शेवटची असे. ती आली आणि माझी बढती झाली. तिच्या ताटात काय उरते, ते मी कधी पाहिले नाही. तिलाच क्षय का झाला हे मी खात्रीने सांगू शकत नाही, पण आता आम्ही दोघी एकदम पाने घेतो आणि वरणाचे भांडे मध्ये ठेवतो. सरकार क्षयरोग्याला उपचार मोफत देते, आणि आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये खात्यात जमा करते. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्याची नोंद झाली आहे का, हे विचारा.

दुसरी गोष्ट कपबशीची. ही सांगताना मला थोडा संकोच वाटतो. धाकटी आजारी असताना मी तिची ताट-वाटी वेगळी ठेवली होती. नंतर वाचले की क्षय भांड्यांतून, कपड्यांतून किंवा हात लावल्याने होत नाही. तो श्वासातल्या हवेतून होतो. नीट औषध सुरू झाले की साधारणपणे दोन आठवड्यांत रोग्यापासून होणारा धोका फार कमी होतो. तोवर तोंडाला रुमाल आणि खोलीच्या खिडक्या उघड्या, एवढे पथ्य. मद्रासला १९५६ पासून एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिले. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक क्षय झाला नाही. हे जगाला आपल्या देशाने शिकविले, आणि मी २०२२ मध्ये वाटी वेगळी काढत होते.

२०२३ च्या चैत्रात आपल्या मंडळाचे हळदीकुंकू झाले, तेव्हा धाकटी मखमली पदराची साडी नेसून तयार झाली आणि दारातून परत फिरली. मी विचारले, तर म्हणाली, “नको ताई. गेल्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली होती.” त्या खुर्चीसाठी मी कोणाला बोल लावत नाही. घरी वाटी वेगळी काढणारी मी दुसऱ्यांना काय बोलणार? मला एवढेच वाटते की, आजार लपविला की उपचार उशिरा होतो, आणि उशीर झाला की तो जंतू आणखी चार घरी पोचतो. रिकाम्या खुर्चीने जंतूचीच सोय होते.

म्हणून मी कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांपैकी काही कोणाच्या घरी असेल तर मंडळातल्या दोघींनी तिला सोबत घेऊन दवाखान्यात जावे. एकटी बाई जायला कचरते. दोघी बरोबर असल्या की बाजारहाट करून आल्यासारखे होते. आणि ज्या घरी सहा महिन्यांच्या गोळ्या चालू असतील, तेथे आठवड्यातून एकदा कोणी तरी सहज बसायला जावे, चहा घ्यावा, दिनदर्शिकेवरच्या फुल्या पाहाव्या. मी माझे नाव पहिले देते. धाकटीने दुसरे द्यायचे कबूल केले आहे.

 

— मंडळाची एक सभासद